मुठीचं दळण

"येताना काही आणू नका, हात हलवत या," असं सावित्रम्मांना फोनवर मीच सांगितलं होतं. पाहुण्याला आपण दुसरं काय सांगतो? पण चूक झाली ती तिथंच, आणि ती माझ्या ध्यानात आली सोमवारी अकरा वाजून अठरा मिनिटांनी. साडेअकराला आमचं केंद्र पहिल्यांदाच साऱ्या महाराष्ट्रात ऐकू जाणार होतं.

मी सोलापूरच्या रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदिका आहे. महिन्याला सहा ड्यूट्या, बावीस वर्षं. सकाळच्या भक्तिगीतांच्या वेळी माझा आवाज लागतो. मंडईतली मेथीवाली मला चेहऱ्यावरून नाही, "केवढ्याला" एवढं विचारल्यावर ओळखते. वर म्हणते, "रेडिओच्या बाई, जरा मोठ्यानं बोला की! आमच्या घरी कांडप चालतं, तुमी काय म्हणता ऐकूच येत न्हाय." मी हसते. माझा आवाज आहे तेवढाच आहे.

दर सोमवारी साडेअकराला राज्यभर लागणाऱ्या एका कार्यक्रमात एकेका केंद्राला बारा मिनिटं देतात. आमची पाळी कधीच आली नव्हती. दोन वर्षांपूर्वी उत्कर्षा मॅडम आमच्या कार्यक्रम अधिकारी म्हणून आल्या. वयानं माझ्या धाकट्या भाचीएवढ्या, पण चिकाटी भारी. त्यांनी वरच्या कार्यालयाला चार पत्रं लिहिली. शेवटी तिथल्या एका साहेबांचा फोन आला. मॅडमनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"द्यायला हरकत नाही हो," साहेब म्हणाले, "पण चादर आणि चटणी सोडून तुमच्याकडे आहे काय?"

"ऐकाल तेव्हा कळेल, सर," मॅडम म्हणाल्या. फोन ठेवला, आमच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा, काय आहे आपल्याकडे?"

सगळे हसले. मग मी हळूच सावित्रम्मांचं नाव काढलं.

मागच्या माघात अक्कलकोटच्या पलीकडच्या एका गावात हळद दळायच्या कार्यक्रमाला गेले होते, लग्नघरी. पाच सुवासिनी जात्याभोवती, आणि जात्यावर साठीच्या सावित्रम्मा. एक ओळ मराठीत, दुसरी कानडीत, आणि दोन्हींच्या मधे जात्याची घरघर. मी विचारलं, असं दोन भाषांत का? तर म्हणाल्या, "माहेर कानडी, सासर मराठी. हात एकच हाय. मग दोन्ही एकातच दळायचं की!" मोबाइलवर थोडं टिपून घेतलं होतं. ते ऐकून उत्कर्षा मॅडम खुर्चीतून उठल्याच. "हे असंच हवं. थेट, जात्यासकट."

थेट म्हणजे आधी ध्वनिमुद्रण नाही, त्या गातील ते त्याच क्षणी सगळीकडे. वरून उत्तर आलं: थेट करा, जबाबदारी तुमची. दहा सेकंदांहून जास्त शांतता झाली तर आम्ही इथून राखीव गाणं लावू. आणि पुढची पाळी कधी ते सांगता येणार नाही.

बारातली पहिली सहा मिनिटं आम्ही आधीच बांधून ठेवली. साहेब चटणी सोडून म्हणाले होते ना, म्हणून मॅडमनी मुद्दाम चटणीपासूनच सुरुवात केली. मोडनिंबच्या एका घरात उखळात शेंगदाणे कुटतानाचा आवाज, कुटणाऱ्या बाईचं बोलणं, मग वैरागच्या बाजारातला कडधान्याचा सौदा, आणि जिल्ह्याच्या दोन बातम्या. उरलेली सहा मिनिटं सावित्रम्मांची.

जातं शोधायचं काम माझ्याकडे होतं. आमच्या घरी मिक्सर आल्यापासून जातं अंगणात तुळशीपाशी उताणं पडलंय, त्याचा खुंटाही गेलाय. शेवटी पूर्वभागातल्या नरसम्मांनी आपलं दिलं. चार पिढ्या माग चालवणारं तेलुगू घर. त्यांनी आधी जात्याला हळदकुंकू लावलं, मग म्हणाल्या, "माझ्या सासूचं हाय. जपून न्या, जपून आना." रिक्षातून ते केंद्रावर आलं तेव्हा आमचे अभियंते शरच्चंद्रराव दारात उभे होते, कपाळाला हात लावून.

"स्टुडिओत दगड," ते म्हणाले. "एकतीस वर्षांत हेच बघायचं राहिलं होतं."

"गालिच्यावर घोंगडी घालू आणि वर ठेवू," मी म्हणाले.

"दगड चालेल हो. पीठ चालणार नाही. तो माइक मी लेकरासारखा सांभाळलाय. त्याच्या जाळीत एक कण गेला ना, तर मी रजेवर."

ते तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. जातं म्हटलं की दाणे आले, दाणे म्हटलं की पीठ आलं. पण शरच्चंद्ररावांच्या डोक्यात जातं म्हणजे आवाज होता, मॅडमच्या डोक्यातही आवाजच होता, आणि बावीस वर्षं रेडिओत काढल्यावर माझंही तसंच झालेलं.

श्रावणातला तिसरा सोमवार होता. पहाटेपासून देवळाकडे रीघ, त्यामुळे अक्कलकोटची बस अडकली. सावित्रम्मा आल्या त्याच अकरा वाजून दहा मिनिटांनी. हिरवं इरकल, कपाळाला विभूतीची रेघ, हातात खरंच काही नाही. त्यांनी स्टुडिओ बघितला, भिंतींना लावलेली गादी बोटानं दाबून बघितली आणि म्हणाल्या, "लई मऊ हाय. हितं भांडण केलं तरी बाहेर जायचं न्हाय."

"बाहेर जाणार ते फक्त तुमचं गाणं," मॅडम म्हणाल्या. "बसा आजी. एकदा फिरवून बघा, आवाज लावून घेऊ."

सावित्रम्मा जात्याशी बसल्या. पदर खोचला. खुंट्याला हात लावला, कपाळाला लावला. मग इकडं तिकडं बघितलं.

"दाणं कुटं हाईत?"

मी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी काचेकडे.

"नुसतंच फिरवा आजी," काचेपलीकडून शरच्चंद्ररावांचा आवाज आला. "दाणे नकोत. आवाज तोच येतो."

सावित्रम्मांनी खुंट्यावरचा हात काढला. रागानं नव्हे, तापल्या तव्यावर चुकून पडलेला हात काढावा तसा. "रिकामं जातं फिरवत्यात व्हय? घरात खायला न्हाय म्हणून सांगायचं का देवाला? आणि दुसऱ्याचं जातं हे. ज्या घरचं हाय त्या घराला लागंल की ते."

"आजी, फक्त सहा मिनिटं..." मॅडम म्हणाल्या.

"सहा न्हाय, अर्धं पण न्हाय. माझी सासू म्हणायची, रिकामं फिरवलं तर दगड दगडाला खातो." मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, धाकट्या बहिणीला कानडीत हाक मारतात तशी, "तंगी, तूच म्हनलीस न्हवं, काय आणू नका? न्हाय तर पायलीभर जोंधळा घेऊन आले असते की."

घड्याळात अकरा अठरा.

उत्कर्षा मॅडम कँटीनकडे पळाल्या. केंद्र गावाबाहेर; रस्त्यावरचं किराणा दुकान सोमवारी बंद. चार मिनिटांत परत आल्या, चेहरा उतरलेला. "श्रावणी सोमवार आहे ताई. कँटीनमधे फक्त साबुदाणा आहे."

"साबुदाणा दळू व्हय?" सावित्रम्मा म्हणाल्या. "उपासाचं जातं!"

हसण्याची ती वेळ नव्हती, पण शरच्चंद्रराव काचेपलीकडे हसले, आणि लगेच गंभीर झाले. "मॅडम, जात्याचा आवाज मी संग्रहातून लावतो. आजी नुसत्या गातील."

"खुंटा हातात नसताना मला ओवी येत न्हाय," सावित्रम्मा सरळ म्हणाल्या. "हात फिरला की ती येती. मी आणत न्हाय."

मॅडम खुर्चीवर बसल्या. अगदी हळू म्हणाल्या, "वर कळवते मग. राखीव गाणं लावा म्हणून." चार पत्रं, दोन वर्षं, आणि त्या साहेबांचं ते वाक्य, सगळं त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसलं. त्यांचा हात फोनकडे गेला.

आणि माझा हात पर्सवर होता. तो मघापासूनच तिथं होता, हे मला तेव्हा कळलं.

पर्समधे खणाच्या पिशवीत मूठभर जोंधळा होता. सासूबाई गेल्या त्या साली त्यांचा नेम मी घेतला. रोज एक मूठ जोंधळा ग्रामदैवत सिद्धरामाच्या नावानं तळ्याकाठच्या मठात दासोहासाठी, तिथल्या अन्नदानासाठी द्यायचा, आणि तो दिल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. एकोणीस वर्षं झाली. टाळेबंदीत मठ बंद होता, तेव्हा रोजची मूठ डब्यात टाकत गेले आणि दारं उघडली त्या दिवशी रिक्षानं पोचवली. त्या सोमवारी पहाटेची ड्यूटी होती, म्हणून मूठ बरोबर आणलेली. ड्यूटी सुटली की मठात जायचं होतं.

ती मूठ माझी नव्हती. घरून निघताना देवापुढं धरून "ही तुझी" म्हणून पिशवीत घातली होती. दिलेलं परत कसं घ्यायचं? मॅडमनी मागितली असती तर मी कदाचित नाही म्हणाले असते. पण पर्समधे काय आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं, आणि तेच मला सोसेना.

मी पिशवी काढून सावित्रम्मांपुढे धरली. "जोंधळा आहे. मूठभरच आहे."

त्यांनी पिशवीला हात लावला नाही. माझ्याकडे बघत राहिल्या. "मूठ कुणाची?"

त्यांच्यापासून काय लपणार? "सिद्धरामाची," मी म्हणाले.

"मग देवाचं दाणं मी कशी दळू, तंगी?"

अकरा चोवीस. शरच्चंद्रराव काचेतून बोट दाखवत होते. मला एकदम मठातलं मागचं अंगण दिसलं. पिंपात जमलेला जोंधळा शनिवारी गिरणीत जातो आणि रविवारी त्याच्या भाकरी पंगतीत येतात. हे मी एकोणीस वर्षं बघत होते.

"तिथं नेऊन तरी काय करतात?" मी विचारलं. "दळतातच ना? तिथं गिरणीवर दळतात, आज इथं तुमच्या हातानं दळू. पीठ जसंच्या तसं मठात पोचवू. त्याचं त्याला मिळेल."

सावित्रम्मांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. कुणाला विचारत होत्या कोण जाणे. मग म्हणाल्या, "कण सुदिक सांडायचा न्हाय."

"नाही सांडणार."

"आणि दाणं सरलं की मी थांबणार. घड्याळ काय बी म्हणू दे."

"थांबा," मी म्हणाले.

मॅडमनी आपली कोरी ओढणी घोंगडीवर पसरली. जातं उचलून तिच्यावर ठेवायला चौघं लागले, त्यात शरच्चंद्ररावही आले. त्यांनी पिशवीतले दाणे बघितले, माइककडे बघितलं, एक लांब श्वास घेतला आणि माइक वीतभर मागं घेतला. "दळा आजी. पण माझ्या लेकराकडं फुंकर मारू नका."

साडेअकराला लाल दिवा लागला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि मोडनिंबचं उखळ सुरू झालं. चटणी झाली, सौदा झाला, बातम्या झाल्या. अकरा छत्तीसला मी म्हणाले, "आणि आता सावित्रम्मा. त्यांच्यापुढं जातं आहे, जात्यात जोंधळा आहे." एवढंच. लिहून आणलेला कागद मी बाजूला ठेवला होता.

सावित्रम्मांनी चार दाणे जात्याच्या तोंडात टाकले. खरोखर चारच. दगड फिरला. रिकाम्या जात्याचा आवाज मी लहानपणी चोरून काढलेला आहे, तो खरखरीत असतो. हा तसा नव्हता. भरल्या पोटाच्या माणसाच्या आवाजासारखा, खालचा, गोल. त्या आवाजावर त्यांनी ओवी ठेवली:

जोंधळ्याचा घास, घालते मी जात्याला
पीठ त्याच्या मठाला गं, गाणं सिद्धरामाला

आणि तोच सूर वळवून कानडीत, दगड फिरतोय, ज्वारीचं पीठ होतंय म्हणून:

कल्ल तिरगतैती तंगी, ज्वाळ हिट्टागतैती

साठीच्या बाईचा आवाज, मधेच दम लागणारा. पण जिथं दम लागे तिथं दगड पुढं होई, आणि दगड मंदावला की आवाज पुढं. काचेपलीकडं शरच्चंद्ररावांनी दोन्ही हात बटणांवरून काढून मांडीवर ठेवले होते. लावून घ्यायला काही उरलंच नव्हतं.

मी दाण्यांकडे बघत होते. सावित्रम्मा चिमटी चिमटीनं घास घालत होत्या, जपून, तरी पिशवी हलकी होत चाललेली. अकरा एकोणचाळीस झाले आणि तळाशी बोटभर राहिले. अजून तीन मिनिटं बाकी. त्यांनी ते माझ्याकडे न बघता हाताच्या वजनावरून ओळखलं. शेवटची चिमटी टाकली, हात मंद केला. त्यांच्याकडे शेवटची ओवी ज्याचे दाणे त्याच्या नावानं म्हणतात, हे मला नंतर कळलं. तेव्हा फक्त माझं नाव कानावर आलं:

दळण सरलं, घे रे जात्या विसावा
शकुंतलाच्या मुठीमधी सिद्ध माझा गं ऱ्हावा

जातं थांबलं.

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. काचेपलीकडं शरच्चंद्रराव बोटांवर सेकंद मोजत होते: एक, दोन, तीन. दहाला वरून राखीव गाणं लागणार. मी लगेच बोलायला हवं होतं. निवेदिकेचं कामच ते. पण दगड थांबल्यावर घरात जी शांतता होते, पीठ खाली बसतं तेव्हाची, तीही दळणातलीच असते. ती मला कापवेना. चार, पाच, सहा. सात.

"दळण संपलं," मी म्हणाले.

पुढचं लिहिलेलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं. ही ज्वारी सोलापूरच्या काळ्या रानातली आहे, मूठभर आहे. हे जातं एका तेलुगू घरातून आलं, ओवी अक्कलकोटच्या बाजूची आहे, आणि ती मराठी की कानडी हे आम्ही इथं विचारत नाही. हे पीठ आता तळ्याकाठच्या मठात जाईल, त्याची भाकरी कोण खाईल आम्हाला ठाऊक नाही. आणि शेवटी, कसं कोण जाणे, त्या साहेबांचा आवाज आठवला.

"आम्हाला कुणी विचारलं होतं, तुमच्याकडे आहे काय," मी म्हणाले. "बरंच आहे. पण सहा मिनिटांचं दळण हवं होतं, आणि दाणे तीन मिनिटांचे होते. आमच्याकडे रिकामं जातं फिरवत नाहीत. म्हणून थांबलो. नमस्कार."

माझा आवाज आहे तेवढाच होता. मोठा करावासा वाटला नाही.

दीड मिनिट उरलं होतं. मॅडमनी खूण केली, शरच्चंद्ररावांनी मोडनिंबचं उखळ पुन्हा हळूहळू वर आणलं. चटणीवर सुरू झालेलं चटणीवर संपलं.

लाल दिवा विझला तसा ड्यूटी रूममधला फोन वाजायला लागला. नागपूरहून, चिपळूणहून, पुण्यात नोकरीला असलेल्या एका अक्कलकोटच्या नर्सबाईंचा, त्या नुसत्या रडत होत्या. साहेबांचाही आला. मॅडमनी या वेळी तो टेबलावर ठेवला नाही, कानालाच लावून ऐकला. मग एवढंच म्हणाल्या, "हो सर. पुढच्या महिन्यात. पण या वेळी पंधरा मिनिटं लागतील." फोन ठेवून त्यांनी सावित्रम्मांना वाकून नमस्कार केला, तेव्हा सावित्रम्मांच्या हाताचं पीठ त्यांच्या केसांना लागलं.

स्टुडिओत शरच्चंद्रराव गुडघ्यांवर बसले होते. यंत्रांची धूळ झाडायचा एक कोरा ब्रश त्यांनी कपाटातून काढला होता आणि जात्याच्या कडेचं पीठ ओढणीवर लोटत होते, एकेक कण. माइककडे त्यांचं लक्षही नव्हतं.

"साहेब, तिकडं खुंट्यापाशी ऱ्हायलं की," सावित्रम्मा उभ्या राहून सांगत होत्या.

"दिसतंय हो आजी."

"दिसतंय तर घ्या की मग!"

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही दोघी मठात पोचलो. दासोहाचं धान्य महेश्वरअप्पा घेतात. एकोणीस वर्षं ते माझ्या हातातली मूठ बघून नुसती मान हलवत आलेत. आज ओढणीची पुरचुंडी बघून म्हणाले, "जोंधळा कुठाय?"

"दळून आणलाय."

"मी ऐकलं," ते म्हणाले. त्यांच्या मागं खिडकीत छोटा रेडिओ होता. तो तिथं असतो हे मी कधी बघितलंच नव्हतं. त्यांनी परात पुढं केली. नेमाप्रमाणं मुठीनं द्यायचं म्हणून मी पुरचुंडी सोडून पीठ हातात घेतलं. सकाळी घरून निघताना दाणे एका मुठीत बसले होते. पीठ बसेना. माझी ओंजळ भरली तरी ओढणीत उरलं.

सावित्रम्मांनी पदराला हात पुसले आणि आपली ओंजळ माझ्या ओंजळीशेजारी धरली.

"घाल हितं," त्या म्हणाल्या. "आणि मग खा बाई काहीतरी. सकाळपासून उपाशी हाईस."

"सोमवार आहे," मी म्हणाले.

"मग साबुदाणा खा की! तुमच्या रेडिओत लई पडलाय."